पंचविसाव्या प्रश्नाला साबण

परीक्षा सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती, आणि ग्रंथपालबाई वाचनालय बंद ठेवायला काही केल्या तयार नव्हत्या.

"बाई, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," शिपाईमामा म्हणाले. "दाराला कडी घालतो. तुमचं झालं की उघडू."

"सत्तावीस वर्षांत कामाच्या वेळेत हे दार बंद झालेलं नाही, मामा. आता माझ्यासाठी बंद करायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई परीक्षा देतायत."

"तेच म्हणायला नकोय त्यांनी."

परीक्षा होती संगणकाच्या प्राथमिक ज्ञानाची. वाचनालयाच्या काउंटरवर जो बसेल त्याने ती दिलीच पाहिजे, असा वरून हुकूम आला होता. पंचवीस प्रश्न, अर्धा तास, वीस उत्तरं बरोबर आली तर पास. संधी एकच. नापास होणाऱ्याची रवानगी तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांपाशी. बाईंचं वर्तमानपत्रांशी भांडण नव्हतं, पण तळघरात माणूस फिरकत नाही, आणि बाईंना माणसं लागत. कोणाला काय वाचायला द्यायचं, कोणाला काय मुळीच द्यायचं नाही, कोण पुस्तकाच्या पानाचा कान मुडपतो आणि कोण शेवटचं पान आधी वाचतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. तळघरात हे ज्ञान कोणाला सांगणार? 

तशी भीती परीक्षेची नव्हतीच. अभ्यासाची पुस्तिका बाईंनी तीनदा वाचली होती. "माहिती आत जाते ते इनपुट, बाहेर येते ते आउटपुट," त्या मामांना समजावून सांगत. "माणसाचं बघा. कान म्हणजे इनपुट, तोंड म्हणजे आउटपुट. आमच्या घरी ह्यांचं इनपुट बिघडलंय, एवढंच."

शेवटी तोडगा निघाला. दाराच्या आत एक पाटी लागली: 'परीक्षा चालू आहे. बोलू नये. परत आणलेली पुस्तकं काउंटरवर ठेवावीत, हवं ते पुस्तक घ्यावं, वहीत सही करावी आणि गुपचूप जावं.' पाटी बाईंनी स्वतः, सुवाच्य अक्षरात लिहिली. पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ या पाटीतच होतं, कारण वाचनालयाचे सभासद भलतेच आज्ञाधारक निघाले.

अकराच्या ठोक्याला बाई काउंटरवरच्या संगणकासमोर बसल्या. पडद्याच्या वर छोटा कॅमेरा, त्याच्याशेजारी माईक. कुठल्यातरी दूरच्या कचेरीत बसलेले निरीक्षक त्यातून बाईंना बघत आणि ऐकत होते. पडद्यावर सूचना आल्या: जागा सोडू नये, कोणाशी बोलू नये, तीन ताकिदी झाल्यास परीक्षा रद्द. उत्तरासाठी एक ते चारपैकी आकडा दाबावा आणि मग एंटर. एंटर दाबल्यावर उत्तर बदलता येणार नाही.

पहिले तीन प्रश्न बाईंनी चुटकीसरशी सोडवले. चौथा आला, 'पुढीलपैकी आउटपुट साधन कोणते?' एक माऊस, दोन कीबोर्ड, तीन प्रिंटर, चार माईक. बाई मनात हसल्या आणि तीनवर बोट नेणार, तोच एका सभासदाने पाटीबरहुकूम गुपचूप येऊन चार पुस्तकं काउंटरवर ठेवली. एकेक करून, अगदी अलगद, आवाज होऊ नये म्हणून.

'पीं,' असा आवाज झाला आणि चौथा प्रश्न गेला. 'आपले उत्तर: दोन. नोंदवले.'

बाईंनी डोळे विस्फारले. पुन्हा 'पीं'. पाचवा गेला. 'पीं', सहावा. 'पीं', सातवा. सभासद गृहस्थांनी वहीत सही केली, बाईंकडे बघून प्रेमाने मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं आणि ते चवड्यावर चालत निघून गेले.

काउंटरवर परतीच्या पुस्तकांच्या जागी महिन्यापूर्वीच एक नवं यंत्र बसवलं होतं. पुस्तकाच्या पाठीवर काळ्या रेघांचा बारकोड असतो, तो वाचणारा स्कॅनर. उभ्या दांडीवर बसवलेला, लाल डोळ्याचा. खालून पुस्तक गेलं की तो त्याचा नंबर संगणकात टाकायचा आणि वर एंटरही स्वतःच दाबायचा. संगणकाच्या दृष्टीनं स्कॅनर म्हणजे एक कीबोर्डच. नंबर बोटांनी आला की लाल डोळ्यातून, त्याला काय त्याचं? परीक्षेला शून्य आणि पाच ते नऊ हे आकडे कळत नव्हते, पण एक ते चार कळत होते, आणि त्यातला सर्वात शेवटी आलेला ती उत्तर म्हणून धरत होती. पाचव्याचं उत्तर योगायोगानं बरोबर आलं. बाकी तीन प्रश्न बाईंनी नव्हे, पुस्तकांनी चुकवले होते.

बाई तशा खमक्या. त्यांच्या हे लगेच ध्यानात आलं. तीन चुकले, आणखी दोन चुकले तर चालतील, त्यापुढे तळघर. काहीही करून हा लाल डोळा बंद केला पाहिजे.

"मामा, स्कॅनरची वायर काढा," त्या म्हणाल्या.

पडद्यावर 'टिंग' झालं. 'ताकीद पहिली. उमेदवार बोलत आहे.'

मामा काउंटरखाली शिरले. तिथे काळोख होता आणि त्या काळोखात सात वायरी होत्या, सातही काळ्या. मामांचा आत्मविश्वास बाईंपेक्षा कमी नव्हता. त्यांनी एक वायर ओढली. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. तो माऊस होता. बाईंनी पायाने मामांना हलकेच ढोसलं. मामांना वाटलं, दुसरी ओढा. त्यांनी दुसरी ओढली. तो कीबोर्ड होता.

बाईंनी आता दोन्ही पायांनी ढोसलं. मामांनी चूक ओळखली आणि दोन्ही वायरी परत खुपसल्या. या दोन्ही वायरींची तोंडं गोल, बारीक पिनांची, हुबेहूब सारखी. खुपसायची भोकंही सारखीच. फरक इतकाच की एक जांभळं असतं, कीबोर्डचं, आणि एक हिरवं, माऊसचं. काळोखात जांभळं आणि हिरवं यांत काय फरक राहतो? मामांनी कीबोर्ड माऊसच्या जागी आणि माऊस कीबोर्डच्या जागी बसवला, जोर लावून घट्ट केला आणि कपाळाचा घाम पुसत ते बाहेर आले.

"झालं बघा बाई. एकदम फिट."

'टिंग. ताकीद दुसरी. खोलीत अन्य व्यक्तीचा आवाज.'

बाईंनी एक दाबलं. काही नाही. दोन दाबलं. एंटर दाबलं. सगळी बटणं एका झटक्यात दाबून पाहिली. कीबोर्ड मेल्यासारखा पडून होता. आणि नेमका समोर आठवा प्रश्न उभा होता: 'गोल पिनेचा जुना कीबोर्ड संगणक चालू असताना काढून पुन्हा जोडल्यास तो चालू होण्यासाठी काय करावे लागते?' उत्तर होतं तीन, 'संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.' बाईंना ते पक्कं माहीत होतं. संगणक बंद केला की परीक्षा संपणार, हेही पक्कं माहीत होतं.

त्यांनी एका कागदावर 'कीबोर्ड बंद पडला' असं लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं. थोड्या वेळानं उत्तर आलं. 'जोडणीची जबाबदारी उमेदवाराची. वेळ चालू आहे.'

वीस मिनिटं उरली होती. माऊस गेला, कीबोर्ड गेला. बोलायची चोरी, उठायची चोरी. दुसरी कोणी असती तर तिनं तिथंच डोळे पुसले असते. बाईंनी स्कॅनरकडे पाहिलं. लाल डोळा बिनधास्त जळत होता. मामांच्या तावडीतून नेमकी त्याचीच वायर सुटली होती.

बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. त्यांनी कागद ओढला, चार नंबर लिहिले आणि तो गुपचूप मामांच्या हातात दिला. दहा हजार पुस्तकांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. त्यांतली ही चार जवळच्या कपाटातली होती. ८०६१, 'घरच्या घरी शिवणकाम'. ५९७२, 'कोंबड्यांचे आजार आणि उपाय'. ६०८३, 'लिफ्टमधला सातवा माणूस', ही रहस्यकथा. आणि ९५५४, 'सुखी संसाराची सूत्रं'. एकनं संपणारं, दोननं, तीननं आणि चारनं.

मामांना काडीचं कळलं नाही, पण पुस्तकं त्यांनी अचूक आणली. बाईंनी लिफ्टमधला सातवा माणूस लाल डोळ्याखाली धरला. 'पीं. आपले उत्तर: तीन. नोंदवले.'

त्यानंतर बाईंनी जो सपाटा लावला तो पाहण्यासारखा होता. मॉनिटर कोणत्या प्रकारचं साधन? आउटपुट, पर्याय एक, शिवणकाम. माणसाचा आवाज संगणकात नेणारं साधन? माईक, पर्याय दोन, कोंबड्या. स्पर्शाने चालणारा पडदा हा इनपुट की आउटपुट? दोन्ही, पर्याय दोन, पुन्हा कोंबड्या. प्रिंटर संगणकाला कसा जोडता येतो, वायरीने, बिनवायरीने की नेटवर्कमधून? वरीलपैकी सर्व, पर्याय चार. जिथे 'वरीलपैकी सर्व' असेल तिथे बाईंना सुखी संसार काढावा लागे. मामा शेजारी उभे राहून तोंडाचा आ करून बघत होते. बाईंना शिवणकाम उचलून पडद्याबद्दल आणि कोंबड्या पाहून माईकबद्दल इतकं कसं कळतं, हे त्यांच्या आकलनापलीकडचं होतं.

दोन प्रश्न बाईंना खरंच येत नव्हते. तिथे त्यांनी अंदाज मारला आणि दोन्ही हुकले, हे त्यांना एंटर झाल्याबरोबर जाणवलं. म्हणजे पाच चुका झाल्या. आता एकही चूक परवडणार नव्हती. बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि चोविसावा प्रश्न बिनचूक सोडवला.

याच वेळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आत आल्या. 'लिफ्टमधला सातवा माणूस' त्यांना दोन महिन्यांपासून हवं होतं आणि दर खेपेला ते कोणीतरी नेलेलं असायचं. त्यांनी पाटी वाचली. काउंटरवर पाहिलं. सातवा माणूस तिथेच पडलेला. 'हवं ते पुस्तक घ्यावं' असं पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं, तेव्हा त्यांनी घेतलं.

बाईंनी पुस्तकाचं दुसरं टोक पकडलं. नर्सबाईंनी हसून मान हलवली आणि आपल्याकडे ओढलं. बाईंनी डोळ्यांनी विनवलं. नर्सबाईंना ते डोळे 'घ्या ना' म्हणताहेत असं वाटलं. तोंड उघडलं की तिसरी ताकीद, आणि उठलं तरी तिसरी ताकीद. वर सत्तावीस वर्षांत बाईंनी हवं असलेलं पुस्तक सभासदाच्या हातून कधी काढून घेतलं नव्हतं. त्यांची बोटं आपोआप सैल झाली. नर्सबाईंनी सही केली आणि त्या लगबगीनं ड्यूटीवर गेल्या.

पंचविसावा प्रश्न पडद्यावर आला. 'बारकोड स्कॅनर हे कोणते साधन आहे?' एक आउटपुट, दोन साठवणीचे, तीन इनपुट, चार यापैकी नाही.

साऱ्या पृथ्वीतलावर त्या घटकेला या प्रश्नाचं उत्तर बाईंइतकं कोणालाच माहीत नसेल. तीन. आणि तीन दवाखान्याच्या दिशेने चालला होता. वेळ होता एक मिनिट दहा सेकंद.

बाईंनी मामांना तीन बोटं दाखवली. मामा कपाटाकडे धावले आणि तिसऱ्या कप्प्यातली तीन पुस्तकं घेऊन आले. नंबर संपत होते सातनं, शून्यानं आणि दोननं. बाईंनी कपाळाला हात लावला, मग कागदावर मोठ्ठा तीन काढून त्याआधी तीन टिंबं दिली आणि बारकोडावर बोट ठेवून दाखवलं. आता मात्र मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. वेळ होता पंचवीस सेकंद, कपाट होतं खोलीच्या त्या टोकाला, आणि काउंटरवर मामांची पिशवी होती, सकाळच्या वाणसामानाची. मामांनी ती उपडी केली. चहाचा पुडा, आठ. काडेपेटीचा गठ्ठा, शून्य. दंतमंजन, सहा. अंगाचा साबण, तीन.

बाईंनी साबण दोन्ही हातांत धरून लाल डोळ्यासमोर नेला. 'पीं. आपले उत्तर: तीन. नोंदवले. परीक्षा समाप्त.'

बाईंनी खुर्चीत अंग टाकलं. आता निकाल येणार म्हणून मामा पडद्यापाशी वाकले, आणि दोघांनी तो एकदमच वाचला: 'निकाल राखून ठेवला आहे. उमेदवाराने पुस्तके पाहून उत्तरे दिली. वापरलेली सर्व पुस्तके व साबण सीलबंद करून पाठवावीत व आठ दिवसांनी समक्ष हजर व्हावे.'

सीलबंद पाकिटात शिवणकाम, कोंबड्या, संसार आणि साबण गेले. सातवा माणूस जाऊ शकला नाही. शेवटची वीस पानं राहिली असताना पुरावा सोडणार नाही, असं नर्सबाईंनी कळवलं.

आठ दिवसांनी बाई निरीक्षकसाहेबांसमोर बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन. साहेब बारीक अंगाचे, खोकल्यानं बेजार झालेले होते. टेबलावर तिन्ही पुस्तकं आणि साबण ओळीनं मांडलेला.

"बाई, चित्रण मी चारदा पाहिलंय," साहेब म्हणाले. "माईकचा प्रश्न. तुम्ही कोंबड्यांचं पुस्तक उचललंत, आणि उत्तर बरोबर. हे कसं?"

"पुस्तक मी उघडलं नव्हतं साहेब."

"तेही पाहिलं. म्हणून मी स्वतः उघडलं. पाच दिवस बसून वाचतोय. माईकचा कुठे उल्लेख नाही. पिसं का गळतात, त्यावर मात्र सुरेख लिहिलंय." साहेब जरा थांबले. "शिवणकामातही काही सापडलं नाही. सुखी संसार आमच्या हिनं मागून घेतलं, ते कालच परत मिळालं. पण साबण? साबणावर काय लिहिलं होतं?"

"साबणावर कधी परीक्षेचं उत्तर लिहिलेलं असतं का साहेब? मग कॉपी कशाची केली मी?"

साहेबांनी साबण उलटसुलट करून पाहिला. बाईंनी मग स्कॅनर, पाटी, मामा आणि जांभळं-हिरवं भोक, सगळं पहिल्यापासून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"पटत नाही," ते म्हणाले. "स्कॅनर फक्त पुस्तकं नोंदवतो. तो परीक्षेत कसा लिहील?"

"जिथे कीबोर्ड लिहितो तिथे तो लिहितो. मी आणलाय, दाखवते." बाईंनी पिशवीतून स्कॅनर काढला आणि त्याची चपटी वायर साहेबांच्या संगणकाच्या पुढच्या खाचेत स्वतःच्या हातानं जोडली. लाल डोळा उघडला. मग त्यांचं लक्ष पडद्यावर गेलं. तिथे त्यांचंच नाव होतं. गुण वीस. त्याखाली, 'निर्णय: एक, निकाल रद्द. दोन, निकाल मंजूर.' खालची चौकट रिकामी होती.

"साहेब, आधी ते पान बंद करा," बाई म्हणाल्या. "नाहीतर घोटाळा होईल."

"मला संगणक शिकवू नका. सतरा वर्षं हेच करतोय मी. दाखवा म्हटलं ना, दाखवा."

"बरं. कोंबड्या धरू?"

"तुमच्या पुस्तकांना हात लावायचा नाही. त्यात काहीतरी गोम असणार. माझी वस्तू घ्या." साहेबांनी खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची डबी काढून पुढे सरकवली.

बाईंनी ती सवयीनं उलटी करून पाहिली. शेवटचा आकडा वाचला. पुन्हा एकदा साहेबांकडे पाहिलं.

"साहेब, खरंच पान बंद करा हो."

"बाई, दाखवताय, की करू निकाल रद्द?"

'पीं.'

चौकटीत आकडे भराभर उमटले आणि शेवटी दोन राहिला. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग अक्षरं आली: 'निकाल मंजूर. उमेदवार उत्तीर्ण. नोंदवलेला निर्णय बदलता येणार नाही.' कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला आणि त्यातून बाईंचं प्रमाणपत्र, शिक्क्यासकट, हळूहळू बाहेर आलं.

साहेबांनी डबी हातात घेतली आणि उलटी करून शेवटचा आकडा पाहिला. मग त्यांनी तिच्यातली एक गोळी काढून तोंडात टाकली.

बाईंना हसू आवरत नव्हतं आणि रडूही. त्यांनी प्रमाणपत्र घडी न पडू देता पिशवीत ठेवलं, स्कॅनरची वायर गुंडाळली आणि पुस्तकं एकावर एक रचली. दारापर्यंत गेल्यावर मागून साहेबांचा आवाज आला, आधीपेक्षा बराच खालच्या पट्टीतला.

"बाई, ते कोंबड्यांचं पुस्तक... शेवटचं प्रकरण राहिलंय. सासुरवाडीला कोंबड्या आहेत आमच्या. दोन दिवस ठेवलं तर चालेल?"

"तसं देता येत नाही साहेब, सभासद व्हावं लागतं," बाई म्हणाल्या. "सोमवारी या. काउंटरवर मीच असते."